सोसायटीत वायरलेस सेन्सर लावायचे का स्ट्रक्चरल ऑडिट करायचं? एजीएमच्या आधी कोणीतरी सांगा

कमिटीत_अडकलेला

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी डोंबिवली पूर्वेला, तळमजला अधिक चार, १९८८ चं आरसीसी बांधकाम, वीस बिऱ्हाडं. बायलॉजप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या बिल्डिंगचं दर पाच वर्षांनी आणि ३० च्या पुढे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं, ते आमचं रखडलंय, कोणामुळे ते विचारू नका, मी कमिटीत नवीन आहे.

तर गेल्या मिटिंगला एका कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन आला आणि प्रेझेंटेशन देऊन गेला. बारा वायरलेस सेन्सर, कॉलमला आणि गच्चीवर चिकटवायचे, भिंत फोडायची नाही वायर ओढायची नाही, सगळे आपापसात बोलतात, एका डब्यातून डेटा क्लाउडवर जातो आणि आपल्याला मोबाईलवर हिरवा पिवळा लाल दिसतो. बिल्डिंग चोवीस तास मॉनिटर होणार म्हणे, ऑडिटची गरजच उरत नाही, अमेरिकेत गोल्डन गेट ब्रिजवर हेच आहे वगैरे. किंमत ऑडिटच्या कोटेशनच्या दुपटीहून जास्त आणि वर दरवर्षी सबस्क्रिप्शन.

गंमत म्हणजे निम्मे मेंबर एकदम खूश. कारण ऑडिटवाले येऊन कॉलमला भोकं पाडणार, मग रिपोर्टमध्ये सी-टू (म्हणजे दुरुस्ती लागणारी बिल्डिंग) लिहिणार, मग दुरुस्तीची वर्गणी निघणार. आमच्या खजिनदार काकांचं म्हणणं सरळ आहे, ऑडिट केलं की खर्च दिसतो आणि सेन्सर लावले की निदान हिरवा दिवा तरी दिसेल.

मला यातलं काही कळत नाही, मी बँकेत आहे. ही टेक्नॉलॉजी खरी आहे का फेकाफेकी? कोणी लावलेत का? आणि हो, शेजारच्या प्लॉटवर रिडेव्हलपमेंट सुरू झालंय, बेसमेंटसाठी खणतायत, आमच्या जिन्यात एकदोन भेगा दिसायला लागल्यात, त्याचा याच्याशी संबंध आहे का तेही सांगा. एजीएम रविवारी आहे.

---

हातोडीवाला

टेक्नॉलॉजी खरी आहे. तुमच्या बिल्डिंगला जो आजार आहे त्याच्यासाठी ती नाहीये एवढंच.

मी टेस्टिंगच्या कामात आहे, दिवसभर अशाच ८०-९० च्या दशकातल्या बिल्डिंगा बघतो. या वयाच्या बिल्डिंगला नव्वद टक्के वेळा एकच दुखणं असतं, गंज. संडास-बाथरूमची गळती, सळईवरचं काँक्रीटचं कव्हर कमी ठेवलेलं, वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये मुरत गेलेला, त्याने काँक्रीटचा अल्कलीपणा गेला की सळईचं संरक्षण संपतं. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो म्हणून आतून कव्हर फुगवून फोडतो. हे कळायला काय लागतं? हातोडी. बीमच्या तळाला टकटक करत पुढे जायचं, चांगल्या ठिकाणी टण्ण वाजतं आणि कव्हर सुटलेल्या ठिकाणी भद्द. मग तिथे थोडं फोडून फिनॉल्फ्थॅलीन नावाचं रसायन मारायचं, गुलाबी झालं तर काँक्रीट अजून जिवंत, रंगच आला नाही तर कार्बोनेशन तिथपर्यंत पोचलंय. मग हाफ सेल नावाच्या चाचणीने सळईचं पोटेन्शियल, म्हणजे विजेचा दाब, बघायचं, उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली गेलं की गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर धरतात. काँक्रीटची ताकद बघायला रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, दोनचार कोअर (काँक्रीटचे कापून काढलेले नमुने), झालं.

आता तो सेन्सर काय मोजतो ते बघा. तो मोजतो बिल्डिंगचा हेलकावा. प्रत्येक बिल्डिंग वाऱ्याने, रस्त्यावरच्या ट्रकने अगदी किंचित डोलत असते आणि तिची डोलण्याची एक ठरलेली लय असते. आयएस १८९३ या भूकंपाच्या भारतीय मानकात विटांच्या भिंतींनी भरलेल्या आरसीसी इमारतीसाठी साधं सूत्र आहे, ०.०९ गुणिले उंची भागिले रुंदीचं वर्गमूळ. तुमची बिल्डिंग १५ मीटर उंच आणि १२ मीटर रुंद धरली तर उत्तर येतं ०.३९ सेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण अडीच हेलकावे. बिल्डिंग कमकुवत झाली की ही लय मंदावते, तत्त्व बरोबरच आहे. पण लय ताठरपणाच्या वर्गमुळात बदलते, म्हणजे अख्ख्या बिल्डिंगचा ताठरपणा १० टक्के गेला तर लय फक्त ५ टक्के उतरते. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका संडासाखालच्या बीमची सळई निम्मी खाऊन गेली तर अख्ख्या बिल्डिंगच्या ताठरपणात फरक पडतो जवळजवळ शून्य. बीम मात्र त्या घरातल्या माणसांच्या डोक्यावर पडायला तयार.

उलट तुमची गच्चीवरची टाकी बघा. ३० हजार लिटर म्हणजे ३० टन, तेही सगळ्यात वर. सकाळी भरलेली आणि दुपारी रिकामी एवढ्यानेच तुमच्या साइझच्या बिल्डिंगची लय दीड-दोन टक्के हलेल. म्हणजे सेन्सरला गंजापेक्षा तुमच्या पाणीवाटपाचं टाइमटेबल जास्त चांगलं कळणार.

छज्जा, बाल्कनी, टेरेसचा पॅरापेट, सगळ्यात आधी पडतात त्या याच गोष्टी, आणि यांचं त्या हेलकाव्यात नावही नसतं.

आणि ३० वर्षांवरच्या बिल्डिंगला महापालिका स्ट्रक्चरल इंजिनियरचं सर्टिफिकेट मागते, मोबाईलचा स्क्रीनशॉट नाही. खजिनदार काकांना सांगा, सी-टू मध्येही ए आणि बी असतं, बी म्हणजे घर रिकामं न करता दुरुस्ती. वेळेत केलं तर बहुतेक तिथेच भागतं.

---

चिंतूचा_भाऊ

आमच्याकडे सीसीटीव्हीचा डीव्हीआर कधी बंद पडला ते चोरी झाल्यावर कळलं. सेन्सरचा गेटवे, म्हणजे तो डेटा पाठवणारा डबा, कोणाच्या वायफायवर चालणार आहे ते आधी विचारा. ज्यांच्या घरातून वायफाय देणार त्यांनी पासवर्ड बदलला की बिल्डिंग कायमची हिरवी 😂

---

नोडनाना

वरच्याने हसण्यावारी नेलंय पण प्रश्न लाखमोलाचा आहे. मी एम्बेडेड इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे, असले नोड, म्हणजे रेडिओ असलेले सेन्सरचे डबे, बनवलेत, त्यामुळे विरोधात नाही, पण विकणारा जे सांगतोय ते आणि प्रत्यक्ष यात फार अंतर असतं.

आधी गोल्डन गेटचं. ते बर्कले विद्यापीठाच्या लोकांनी २००६ मध्ये केलेलं संशोधन होतं, काही महिन्यांसाठी. पूल कधी पडेल ते सांगायला नव्हतंच ते, असं जाळं मुळात चालतं का हे बघायला होतं. ६४ नोड, पुलाच्या मुख्य गाळ्यावर आणि टॉवरवर, सेकंदाला हजार वेळा कंपन मोजायचे आणि सगळ्यांची घड्याळं इतकी जुळवलेली की सॅम्पल घेण्याच्या वेळेत दहा मायक्रोसेकंदांपेक्षाही कमी मागेपुढे. नोड एका ओळीत असल्यामुळे डेटा एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला असा ४६ टप्प्यांनी किनाऱ्यापर्यंत यायचा. शेवटच्या टोकाकडून येताना वेग किती उरायचा? सेकंदाला ४४१ बाइट. आता हिशोब करा, सेकंदाला हजार सॅम्पल गुणिले दोन बाइट म्हणजे एका नोडच्या एकाच चॅनलला सेकंदाला २००० बाइट तयार होतायत आणि नळ ४४१ चा. म्हणजे लाइव्ह वगैरे काही नाही, आधी मोजून मेमरीत साठवायचं आणि मग निवांत खेचत बसायचं. वायरलेसमधली खरी डोकेदुखी हीच आहे, मोजणं सोपं, आणणं कठीण, आणि बॅटरी सगळ्यात जास्त रेडिओ खातो.

घड्याळाचं महत्त्व पटत नाही लोकांना. पुलाचा आकार कसा वाकतो ते काढायचं असेल तर एकाच क्षणी कोणता बिंदू वर आणि कोणता खाली हे कळायला हवं. १० हर्ट्झचं कंपन असेल आणि दोन नोडच्या घड्याळात १० मिलिसेकंदांचा फरक असेल तर ३६ अंशांची चूक, वर-खाली सगळं गोंधळलं. वायरवाल्या सिस्टीममध्ये हा प्रश्नच येत नाही कारण घड्याळ एकच असतं.

यावर आपल्याकडच्या लोकांनी काढलेला तोडगा मला जाम आवडतो. आयआयटी कानपूरमध्ये रेल्वे पुलांसाठी ब्रायमॉन नावाची सिस्टीम केली होती, २००८ ला पेपर आला. रेल्वेचे पूल हजारोंनी आणि बरेचसे असे की जवळ ना वीज ना नेटवर्क. मग त्यांनी काय केलं, नोड झोपलेले राहतात, गाडी येतेय हे लांबूनच कळलं की जागे होतात, गाडी पुलावर असताना आणि गेल्यावर पूल कसा थरथरतो ते मोजतात, आणि डेटा पाठवतात कुठे तर गाडीतच! पुढच्या गाडीत बसवलेल्या रिसीव्हरला, वेगवेगळ्या रेडिओ चॅनलवर, गाडी पुलावरून सरकत असतानाच. जी गाडी पूल हलवते तीच गाडी टपाल घेऊन जाते. म्हणजे बॅटरी जपली, टॉवर नको, सिमकार्ड नको.

कोरियात जिंदो ब्रिजवर २००९ ला ७० नोड लावले, पुढच्या वर्षी ११३ झाले, सोलर पॅनलवर चालवून दाखवले. इटलीत त्रेंतो गावात तोर्रे आक्विला नावाचा मध्ययुगीन बुरूज आहे, आत भित्तिचित्रं आहेत, त्याच्या जवळून रस्त्याचा बोगदा काढायचा होता म्हणून तिथे वायरलेस नोड बसवले कारण भित्तिचित्रांच्या खोलीतून केबल कोण ओढू देणार. तिथे वायरलेसच पाहिजे होतं.

आता तुमच्या विक्रेत्याला काय विचारायचं. एक, आतला ॲक्सेलरोमीटर, म्हणजे कंपन मोजणारी चिप, कोणता. शांत वेळेला तुमच्या गच्चीवरचं कंपन एक जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या) दहा हजाराव्या भागाइतकं, कधी त्याहूनही कमी. एमपीयू ६०५० सारखी दीडदोनशे रुपयांची चिप असेल तर तिचा स्वतःचाच खरखराट त्याच्या दहापट आहे, ती तुमची बिल्डिंग नाही, स्वतःचाच आवाज ऐकत बसणार. एडीएक्सएल ३५५ च्या जातीचं काही असेल तर पुढे बोला. दोन, रेडिओ कोणता. लोरा (लांब पल्ल्याचा पण हळू रेडिओ) म्हणाला, आणि बहुतेक तोच म्हणेल, तर विचारा की कच्चं कंपन येतं का. तीन दिशा, सेकंदाला १०० सॅम्पल, तीन-तीन बाइट, म्हणजे सेकंदाला ९०० बाइट झाले. लोराच्या सगळ्यात लांब पल्ल्याच्या सेटिंगला पन्नासएक बाइटचं एक पाकीट जायलाच अडीच सेकंदांच्या वर लागतात. म्हणजे कच्चा डेटा येऊच शकत नाही, नोड आतल्या आत हिशोब करून दोनचार आकडे पाठवतो. ते वाईट नाही, उलट तसंच करायला हवं, पण मग तो हिशोब काय ते त्याने कागदावर द्यायला हवं. तीन, लाल कधी होणार? कोणत्या आकड्याला? हा आकडा कोणी ठरवला? यावर तो "एआय" म्हणाला तर चहा पाजून बोळवण करा.

---

एमटेक_चालू_आहे

सगळे मिळून सेन्सरला एवढंही झोडपू नका हो. माझा विषयच हा आहे म्हणून राहवत नाही.

तापमानाचा, टाकीचा परिणाम असतो हे मान्यच आहे, पण तो काढून टाकता येतो. स्वित्झर्लंडमधला झेड-२४ पूल यासाठी प्रसिद्ध आहे, पाडायचाच होता म्हणून आधी जवळजवळ वर्षभर त्याच्यावर सेन्सर ठेवले आणि १९९८ मध्ये मुद्दाम टप्प्याटप्प्याने तोडफोड करून बघितलं की आकड्यात दिसते का. दिसली. पण त्याच्या आधी हेही दिसलं की थंडीत तापमान शून्याच्या खाली गेलं की वरचं डांबर कडक होतं आणि पुलाची लय वर चढते, आणि हा चढ-उतार नुकसानीच्या फरकापेक्षा मोठा. म्हणून धडा असा की आधी किमान एक वर्ष, सगळे ऋतू बघून निरोगी अवस्थेचा पाया बांधायचा आणि मग त्याच्याशी तुलना करायची. पहिल्या दिवशी लावला आणि दुसऱ्या दिवशी हिरवा, हे ज्याने कोणी सांगितलं तो खोटं बोलतोय, एवढंच माझं म्हणणं. आणि डोंबिवलीत बर्फ नसला तरी पावसाळ्यात भिजलेल्या भिंती आणि मे महिन्यातल्या भिंती यात फरक असतोच.

भूकंपानंतर मात्र या सेन्सरचा खरा फायदा होतो. धक्क्याआधीची लय आणि नंतरची लय लगेच शेजारी ठेवता येते, ऋतू बदललेला नसतो, टाकी तीच असते. कॅलिफोर्नियात, जपानमध्ये म्हणूनच उंच इमारतींवर असतात.

---

हातोडीवाला

@एमटेक_चालू_आहे अगदी बरोबर, पण ३५ वर्षं गळलेल्या बिल्डिंगची "निरोगी अवस्था" आता कुठून आणणार? पाया बांधणार तोच आजारी अवस्थेचा.

---

जुना_पूलवाला

उशिरा आलो, सगळं वाचलं. मी पुलांच्या कामातून रिटायर झालोय, त्यामुळे बिल्डिंगबद्दल हातोडीवाले साहेबांच्या पुढे बोलणार नाही, पण कमिटीतल्या पोराला एक गोष्ट सांगतो.

सावित्रीचा पूल आठवतो ना, महाडचा. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र, दगडी कमानींचा ब्रिटिशांच्या काळातला पूल, दोन एसटी बस आणि गाड्या पुरात गेल्या. त्यानंतर जो तो म्हणायला लागला की प्रत्येक जुन्या पुलावर सेन्सर लावा. मी विचारायचो, काय मोजायला? कंपन? दगडी कमान वर्षानुवर्षं एकाच थाटात थरथरते, पुराचं पाणी पायथ्याची माती खरवडून नेतं ते तासा-दोन तासांत होतं आणि ते होतं पाण्याखाली. तिथे लावायचंच असेल तर पाण्याची पातळी मोजा, खांब कलतोय का ते मोजा, किंवा नदीच्या तळात खांबाशेजारी असा ट्रान्समीटर पुरून ठेवा की वरची माती वाहून गेली तर तो सुटून तरंगत वर येईल आणि ओरडेल. असे मिळतात, परदेशात वापरतात. साधी गोष्ट आहे, वर आला म्हणजे माती गेली. एआयबिआय काही नको.

आणि ओरडल्यावर काय? खरी गोम इथेच आहे. कोकण रेल्वेचं बघा. काळी, सावित्री आणि वाशिष्ठी या तीन नद्यांवरच्या पुलांवर त्यांची पूर-इशारा यंत्रणा आहे, पाणी धोक्याच्या पातळीच्या वर गेलं की अलर्ट जातो. पानवळचा उंच पूल, गोव्यातले मांडवी आणि जुवारी, आणि खाली शरावती, या चार ठिकाणी वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं आहेत. ही यंत्रं फार हुशार नाहीत. पण नियम आधी लिहिलेला आहे, आकडा इतका झाला की गाडीचा वेग कमी किंवा गाडी उभी. रात्री दोन वाजता ड्यूटीवरच्या माणसाला डोकं लावायचं नाही, मीटिंग घ्यायची नाही, कोणाला विचारायचं नाही.

याच्या उलट अमेरिकेतल्या मिनियापोलिसचा आय-३५ डब्ल्यू पूल. १ ऑगस्ट २००७ ला भर संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये पडला, १३ माणसं गेली. कारण निघालं की सांध्यावरच्या लोखंडी प्लेटा मूळ डिझाइनमध्येच निम्म्या जाडीच्या धरलेल्या, आणि त्या दिवशी दुरुस्तीचं सामान, खडी-वाळू सगळं पुलावर रचून ठेवलेलं. त्या प्लेटा वाकल्यात हे २००३ च्या तपासणीच्या फोटोंमध्ये दिसत होतं. फोटो फायलीत होते! बघितले गेले नाहीत असं नाही, पण ते दिसून कोणी काही करायचं असतं हे ठरलेलंच नव्हतं. नवा पूल झाला त्यात मग तीनशेच्या वर सेन्सर बसवले.

गेल्या वर्षी नाही का, जून २०२५ मध्ये इंद्रायणीवर कुंडमळ्याला लोखंडी पूल गर्दीने कोसळला, चार जण गेले. तिथे धोक्याचा बोर्ड लावलेला होता. त्या बोर्डाच्या जागी सेन्सर असता तर काय झालं असतं, तर मोबाईलवर कोणाच्या तरी लाल दिवा लागला असता.

म्हणून तुमच्या त्या विक्रेत्याला आणि तुमच्या एजीएमला एकच विचारा, दिवा लाल झाला तर वीस बिऱ्हाडांनी रात्री दोन वाजता बाहेर पडायचं का? कोण सांगणार? कोणाच्या सहीने? आणि सकाळी काही झालं नाही तर पुढच्या वेळेला कोण बाहेर पडेल?

---

कमिटीत_अडकलेला

बापरे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. पूलवाल्या काकांचा शेवटचा प्रश्न मी तसाच्या तसा मिटिंगमध्ये विचारणार आहे. ऑडिट करायचंच हे माझ्यापुरतं पक्कं झालं.

पण माझा शेजारच्या खणण्याचा प्रश्न राहिला. दिवसभर ब्रेकर चालतो, काल आमच्या तळमजल्याच्या जोशी काकूंच्या शोकेसमधले कप वाजत होते. जिन्यातल्या भेगांपैकी एक कॉलम आणि भिंतीच्या मधून सरळ उभी आहे आणि दुसरी पहिल्या मजल्याच्या भिंतीत तिरकी, खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली. घाबरायचं का?

---

हातोडीवाला

कॉलम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यातली उभी भेग बहुतेक जुनीच असते, दोन वेगळ्या वस्तू वेगवेगळ्या प्रसरण पावतात, प्लास्टर तिथे फाटतं. तिरकी, खिडकीच्या कोपऱ्यातून जाणारी मात्र मला आवडली नाही. पायाचा एक भाग जरा जास्त खचला की भिंत अशी तिरकी फाटते. जुनी आहे का नवी ते बघा, आत धूळ, जाळी, जुना रंग गेलेला असेल तर जुनी, कडा स्वच्छ आणि धारदार असतील तर ताजी.

आणि आता ऐका, इथे मी स्वतः म्हणतोय की सेन्सर लावा! शेजारी खोल खणतायत तेव्हा प्रश्न नेमका आहे, मुदत ठरलेली आहे आणि जबाबदार माणूसही ठरलेला आहे. मेट्रो-३ चं भुयार फोर्टातल्या जुन्या इमारतींजवळून गेलं तेव्हा त्यांच्यावर टिल्टमीटर (कल मोजणारे), क्रॅक गेज (भेग मोजणारे) हेच सगळं लावलं होतं. तुम्हाला बारा नकोत. खड्ड्याकडच्या बाजूला दोन-तीन कल मोजणारे, त्या तिरक्या भेगेवर एक क्रॅक मीटर, आणि तळमजल्यावर पायाजवळ एक कंपन मोजणारं यंत्र. कंपनाला जर्मन डीआयएन ४१५० ची मर्यादा बरेच जण धरतात, राहत्या घराला कमी फ्रिक्वेन्सीला सेकंदाला ५ मिलिमीटर, नाजूक वारसा इमारतीला ३. हा आकडा ओलांडला की ब्रेकर बंद, हे बिल्डरकडून लेखी घ्या. काकूंचे कप याच्या बऱ्याच आधी वाजतात, माणसाला कंपन फार लवकर जाणवतं, त्यामुळे कपांवरून घाबरू नका.

खर्च बिल्डरचा. आणि पहिलं काम, आजच्या आज, सगळ्या बिऱ्हाडांमध्ये फिरून प्रत्येक भेगेचा फोटो, शेजारी पट्टी धरून, तारखेसकट. बिल्डरच्या इंजिनियरला बोलावून त्याच्या सहीने केलंत तर उत्तम. नंतर "ही भेग आधीपासून होती" हे वाक्य ऐकायचं नसेल तर.

---

नोडनाना

टिल्टला वायरलेस मस्त चालतं, कारण तासाला एक आकडा पाठवायचा, तेवढ्याला लोरा पुरून उरतो आणि एक लिथियम सेल खणकाम संपेपर्यंत आरामात पुरतो. फक्त दोन गोष्टी सांभाळा. नोड पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात लावू नका, दुपारी भिंत तापली की नोडही कलतो आणि भिंतही, संध्याकाळी परत जागेवर. ग्राफला रोज एक कुबड येतं आणि मेंबर घाबरतात. आतल्या बाजूला लावा आणि तुलना पहाटे चारच्या आकड्याची कालच्या पहाटे चारच्या आकड्याशी करा. दुसरं, गेटवेला स्वतःचं सिमकार्ड आणि छोटी बॅटरी असू द्या, आणि नोड गप्प झाला तरी अलार्म यायला हवा. दिवसभर काहीच आलं नाही तर ॲपवर शेवटचा हिरवा तसाच राहतो हे बऱ्याच स्वस्त सिस्टीममध्ये बघितलंय.

---

कमिटीत_अडकलेला

बिल्डरला पत्र टाकतो आजच. पण तो सेन्सर लावेपर्यंत पंधरा दिवस तरी जाणार, तोपर्यंत त्या तिरक्या भेगेचं काय करू? घरच्या घरी काही?

---

हातोडीवाला

काच लावा. शाळेच्या लॅबचं सामान मिळतं तिथून मायक्रोस्कोपच्या स्लाइडा आणा, भेगेवर आडवी एक, दोन्ही टोकं अरल्डाइटने चिकटवायची, मधे भेगेवर गोंद येऊ द्यायचा नाही. एक खाली, एक मधे, एक वर अशा तीन. आधी तिथलं प्लास्टर खरवडून विटेवर लावा, प्लास्टरवर लावलीत तर प्लास्टरच सुटून येतं आणि काच शाबूत राहते. काचेवर परमनंट मार्करने तारीख लिहा, भेगेच्या टोकालाही भिंतीवर पेन्सिलने रेघ मारून तारीख टाका. काच तडकली किंवा भेग रेघेच्या पुढे गेली तर फोटो काढा आणि ऑडिटवाल्या इंजिनियरला त्याच दिवशी फोन करा. जिन्यात पोरं खेळतात का? मग वरून पारदर्शक डबा टेपने लावा, नाहीतर बॉल लागून फुटलेल्या काचेवरून एजीएम भरायची.